हिवाळी वाऱ्याचे अंदाज ताडून बघताना: आधी उंची बघा

दोन हिवाळे उलटले, तरी तो डिसेंबर आठवला की अजून पोटात गोळा येतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सोलापूरच्या वाऱ्याचे जीएफएस (अमेरिकेचं हवामान मॉडेल) आणि ईसीएमडब्ल्यूएफ (युरोपचं) यांचे अंदाज शेजारी शेजारी ठेवून बघत होतो. दोन्हींचा पाव अंशाचा, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या दर पाव अंशावर एक बिंदू अशा जाळीचा, डेटा फुकट मिळतो, पायथनमध्ये फाइल उघडता येते, एवढं तुम्हाला ठाऊक असणारच.

माझ्या आलेखात जीएफएस पहाटे ताशी वीस किलोमीटर वारा दाखवत होतं. नान्नजला मामांची द्राक्षबाग आहे. त्यांना मी फोन करून सांगितलं, "मामा, पहाटे वारं आहे, ऊन पडल्यावर फवारा." मामांनी दहाला ब्लोअर सुरू केला आणि अर्ध्या तासात वारं असं सुटलं, की भुरीचं औषध शेजारच्या ज्वारीवर गेलं. "पहाटे तर पान हलत नव्हतं रे," एवढंच ते म्हणाले. ते ऐकून मी चूक शोधायला हवी होती. मी मात्र ‘जीएफएसला सोलापूरची रात्र कळत नाही’ असा निष्कर्ष काढला आणि त्यावर चाळीस पानं लिहिली.

जीएफएस चुकलंच नव्हतं. त्याच्या फाइलीत जमिनीपासून १०, २०, ३०, ४०, ५०, ८० आणि १०० मीटरवरचा वारा असतो. सीनिअरने दिलेली तयार स्क्रिप्ट त्यातला ८० मीटरचा उचलत होती आणि युरोपच्या फाइलीतला १० मीटरचा. म्हणजे मी दोन मॉडेलांची नाही, दोन उंच्यांची तुलना करत होतो.

हे लवकर लक्षात का येत नाही, तेही सांगतो. दुपारी जमीन तापते, हवा वरखाली घुसळते आणि १० नि ८० मीटरवरच्या वाऱ्यात फारसा फरक उरत नाही. दिवसाचे आकडे जुळले की आपण निर्धास्त होतो. आपल्याकडच्या निरभ्र हिवाळी रात्री मात्र जमीन झपाट्याने गार होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वरच्या हवेशी तिचा संबंध तुटतो. खाली वारा पडतो. वरच्या वाऱ्याला जमिनीचं घर्षण लागत नाही, म्हणून तो उलट जोर धरतो. सकाळी नऊ-दहाला ऊन चढून घुसळण सुरू झाली की तोच वरचा वारा खाली उतरतो. मामांच्या बागेत नेमका तो उतरला होता. पुढे हुरड्याला गेलो तेव्हा हे डोळ्यांनी बघितलं. शेकोटीचा धूर झाडाच्या शेंड्याएवढा सरळ वर गेला आणि तिथून चादर अंथरावी तसा आडवा पसरला. खाली राख जागची हलत नव्हती.

मॉडेल वारा मीटरऐवजी हवेच्या दाबाच्या पातळ्यांवरही देतं, त्यांचंही तसंच. सोलापूर समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथल्या जमिनीवरचा दाबच साधारण ९६० हेक्टोपास्कल. म्हणजे १००० ची पातळी आपल्या पायाखाली, जमिनीत आहे. मॉडेल तिथे आकडा भरून देतं, तो वापरू नका. ९२५ सुमारे तीनशे मीटर वर, ८५० सुमारे एक किलोमीटर वर. ढगाळ हवेचा अंदाज घ्यायचा तर ८५० बघा. तिथला कोरडा उत्तरेचा वारा वळून बंगालच्या उपसागरावरून, पूर्व-आग्नेयेकडून यायला लागला की ढग येतील, हे बागायतदाराला आधी सांगा.

वेळेचं थोडक्यात: मॉडेलं यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत चालतात; ०० यूटीसी म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, ०६ म्हणजे साडेअकरा. दिशेची सरळ सरासरी कधीच काढू नका. ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येते, उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. यू (पूर्व-पश्चिम) आणि व्ही (उत्तर-दक्षिण) घटकांची सरासरी काढा, मग दिशा.

तयार स्क्रिप्ट घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. घेतलीच तर प्रत्येक ओळ वाचा. मला वाचवलं ते कोड देणाऱ्याने नाही. आमच्या एका सरांनी आलेख बघून फक्त विचारलं, "कुठल्या उंचीचा?" असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ६ किलोमीटर जाळीचं मॉडेल, भारत फोरकास्ट सिस्टिम, २०२५ मध्ये आलं, तेव्हापासून बारीक जाळीची ओढ वाढली आहे. पण उंची चुकली तर कितीही बारीक जाळी उपयोगाची नाही.

घाबरू मात्र नका. माझी चाळीस पानं गेली, पण नवीन आलेख चार दिवसांत झाले, कारण डेटा तोच होता. पाव अंशाच्या जाळीत सोलापूरला सर्वांत जवळचा बिंदू १७.७५ उत्तर, ७६ पूर्व, शहराच्या ईशान्येला सुमारे चौदा किलोमीटरवर. तिथला १० मीटरचा वारा दोन्ही मॉडेलांच्या एकाच रनमधून (म्हणजे एकाच वेळी सुरू झालेल्या गणितातून), ०३ यूटीसीचा काढा आणि वेधशाळेच्या सकाळी साडेआठच्या नोंदीशेजारी वहीत लिहा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, रोज.