हरकत सगळेच घेतात. सूचना कशी द्यायची?

विकास आराखडा किंवा बांधकाम नियमातला बदल प्रसिद्ध झाला की ‘हरकती व सूचना’ मागवतात. हरकती ढिगाने येतात, सूचना शोधावी लागते. सुनावणीला जाऊन बघा, बसलेले बहुतेक सगळे आधीच घर असलेले. माझ्या बंगल्याची भिंत रस्त्यात जातेय, माझ्या प्लॉटवर बागेचं आरक्षण पडलंय, शेजारी सात मजले नकोत. त्यांचं म्हणणं चूकच असतं असं नाही. पण ज्याला परवडणारं तीस-चाळीस चौरस मीटरचं घर हवंय तो तिथे नसतो; तो त्या वेळी वाघोलीहून पीएमपीच्या बसला लटकत कामावर निघालेला असतो.

मी पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात आरेखक होते, ट्रेसिंगवर शाईच्या पेनने रेघा मारण्यापासून ऑटोकॅडपर्यंत. आता कोथरूडमधल्या सोसायट्यांची मंडळी अर्ज लिहून घ्यायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

आधी नोटीस वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारा तिचा सारांश नको. कुठल्या कलमाखाली काढलीय ते बघा, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं. अख्खा आराखडा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचं कलम २६. मंजूर आराखड्यात किंवा नियमावलीत फेरबदल असेल तर कलम ३७. नुसती रस्त्याची रेषा बदलायची असेल तर महापालिका अधिनियमाचं कलम २१०. अर्ज कोणाच्या नावे द्यायचा आणि शेवटची तारीख काय, दोन्ही नोटिशीतच असतं. मुदत तुम्ही पेपरात वाचलंत त्या दिवसापासून मोजत नाहीत, हे लक्षात ठेवा.

मग आपला प्लॉट नकाशावर शोधा. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घ्या, नगररचना किंवा बांधकाम विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. पिवळा म्हणजे निवासी हे बहुतेकांना माहीत असतं, तरी नकाशाच्या कोपऱ्यातली सूची वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नकाशा बघताना लोक फक्त रंग बघतात. रंगापेक्षा रस्ता महत्त्वाचा.

इथे जरा थांबते, कारण पुण्यात घराचा भाव रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला आहे. टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणून इथे वापरायचा बांधकामाचा हक्क. २०१६च्या टीडीआर धोरणाने नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो बंद केला. २०२०च्या युडीसीपीआरमध्ये, म्हणजे एकत्रित बांधकाम नियमावलीत, तेच ठेवलं. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेली ही नियमावली; तिचं कोष्टक ६-जी उघडा. पुण्यासारख्या शहरात, दाटवस्तीबाहेर, मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, १.१०. रस्ता नऊपेक्षा कमी असेल तर तिथेच संपलं. नऊ ते बाराच्या आत असेल तर ०.५० प्रीमियमचा, म्हणजे सरकारी शुल्क भरून मिळणारा, आणि ०.४० टीडीआरचा, मूळ धरून २.००. पेठांसारख्या दाटवस्तीला वेगळं कोष्टक आहे, ते इथे लावू नका. आणि नंतरच्या दुरुस्त्या बघितल्याशिवाय कुठलाच आकडा अर्जात घालू नका.

आता हिशोब करा, अगदी पाठकोऱ्या कागदावर. हजार चौरस मीटरचा सोसायटीचा प्लॉट, रस्ता सहाचा. १,१०० चौरस मीटर बांधकाम, त्यावर जिने-बाल्कन्यांसाठीचा ६० टक्के पूरक एफएसआय धरला की १,७६०. तोच रस्ता नऊचा झाला तर २,००० आणि ६० टक्के, म्हणजे ३,२००. फरक १,४४० चौरस मीटरचा. एका घरामागे जिना-पॅसेजसकट ६० चौरस मीटर धरले तर चोवीस घरं, एका गल्लीतल्या एका प्लॉटवर. रस्ता रुंद करायला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडायचा असतो, एवढंच.

रुंदी मोजताना डांबर मोजू नका. टेप घेऊन एका कंपाउंडच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजा, गल्लीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, आणि टेप दिसेल असा फोटो काढा. मग मंजूर लेआउटमध्ये काय लिहिलंय ते बघा. पुष्कळदा कागदावर नऊ असतो आणि कोणीतरी पुढच्या अंगणात जास्वंदाचं कुंपण सरकवलेलं असतं. तसं असेल तर नियम बदलायची गरजच नाही, फक्त कुंपण मागे घ्यायचंय. (हे शेजाऱ्याला सांगणं हे आराखड्यापेक्षा अवघड काम.)

२०२० साली पुणे महापालिकेने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कारणासाठी आणला होता. ‘हे बिल्डरांसाठी चाललंय’ अशी ओरड झाली. ओरडीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. जास्त एफएसआय मिळाला की बिल्डर थ्री बीएचके काढतो, वनरूम-किचन नाही. वीस टक्के लहान घरांची अट, युडीसीपीआरचा नियम ३.८, चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला लागते. सोसायट्यांचे प्लॉट त्याच्या खालचे, ते सुटतात. म्हणून नुसतं ‘रस्ता रुंद करा’ लिहिलंत तर घरं वाढतील, पण तुमच्या मोलकरणीला त्यातलं एकही मिळणार नाही. सूचनेत दोन्ही मागा.

कागदावर हे असं उतरतं. डाव्या बाजूला सध्याची तरतूद शब्दशः, तिचा नियम क्रमांक. उजव्या बाजूला तुम्हाला हवी ती तरतूद, तीही नियमाच्या भाषेत. खाली कारण, पाच-सहा ओळींत. एका सोसायटीसाठी लिहिलेलं देते:

‘सदर रस्त्याची रुंदी सहा मीटरवरून नऊ मीटर करण्यास आमची संमती आहे. मात्र या रस्त्यावरील एक हजार ते चार हजार चौ.मी. भूखंडांवर ज्या पुनर्विकास प्रस्तावात किमान एक चतुर्थांश सदनिका ४० चौ.मी. चटई क्षेत्राच्या आत असतील, त्यातील अशा लहान सदनिकांसाठी चारचाकी वाहनतळाची अट शिथिल करावी. दुचाकी वाहनतळ नियमाप्रमाणे ठेवावा.’

वाहनतळच का? कारण अडीच बाय पाच मीटरची एक गाडी, आणि तिला वळायला जागा धरली की साधारण दुप्पट. म्हणजे लहान घराच्या निम्म्याहून जास्त जागा स्कूटर असणाऱ्या माणसाच्या नावावर गाडीसाठी बांधायची आणि तिचा खर्च त्याच्या किमतीत चढवायचा. सक्ती मागण्यापेक्षा अशी सवलत मागा असं माझं मत आहे. सक्तीची कलमं कोर्टात अडकतात, सवलत बिल्डर आपणहून घेतो.

अर्ज दोन प्रतींत द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ईमेलने पाठवलात तरी ही पोच हवीच. एकच मजकूर शंभर जणांच्या सह्यांनी देण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या प्लॉटचा आकडा घालून दहा अर्ज द्यावेत, कारण एका मजकुराच्या गठ्ठ्याचं उत्तरही एकाच ओळीत मिळतं. अर्जात ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य घालाच.

आराखड्याची सुनावणी नियोजन समितीपुढे होते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. वेळ मिनिटांत मिळतो. पार्श्वभूमी सांगत बसू नका; नियम क्रमांक, टेपचा फोटो, चोवीस घरांचा हिशोब, मागणी. इतकंच. बरोबर एक लहान घर शोधणारा माणूस न्या, त्याला बोलू द्या.

काही होत नाही म्हणणाऱ्यांना मुंबईचा दाखला द्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा चुकांवरून इतका गाजला की एप्रिलमध्ये शासनाने तो रद्द केला. सुधारित आला २०१६ मध्ये आणि मंजुरी २०१८ मध्ये. अर्थात तो हरकतींचा विजय, सूचनांचा नाही.

शेवटी मंजुरीची अधिसूचना निघाली की तिची अनुसूची वाचा, तुमचा सर्व्हे नंबर शोधून. शासनाला मोठा बदल करायचा असेल तर तो भाग ‘ईपी’ (एक्स्क्लुडेड पार्ट, मंजुरीतून वगळलेला भाग) म्हणून वेगळा ठेवतात आणि त्यावर पुन्हा हरकती-सूचना मागवतात. पुण्याच्या जानेवारी २०१७च्या मंजुरीत असे भाग होते. तुमचा विषय ईपीत गेला असेल तर जुन्या अर्जाची पोच जोडून नवा अर्ज द्या, नव्या मुदतीत.