एचपी-६७ वर कार्डात आकडे साठवताना

१९७६ चा हा कॅल्क्युलेटर बंद केला की सगळं विसरतो, म्हणून आकडे छोट्या चुंबकीय कार्डावर उतरवून ठेवणं भाग आहे. पण कार्ड घालायची घाई नको. आधी कार्ड ओढणारी आतली रबरी चकती तपासा. इतक्या वर्षांत तिचा बहुधा चिकट लगदा झालेला असतो, आणि तो कार्डाला लागला की कार्ड गेलंच म्हणा. मी लगदा खरवडून, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, तिथे योग्य मापाची रबरी नळी बसवते. कार्ड वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडवरूनही अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवायचा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. मोटर मंदावली तर नोंद बिघडते. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर मात्र कधीही चालवू नका.

मग स्विच ‘रन’वर, ‘एफ’ दाबून ‘डब्ल्यू/डेटा’, म्हणजे आकडे कार्डावर लिहिण्याची कळ. पडद्यावर ‘सीआरडी’ (म्हणजे ‘कार्ड घाला’) उमटलं की कार्ड उजवीकडून सरकवा, मोटर ते ओढून घेते. ओढू द्या, ढकलू नका! पहिल्या बाजूवर १६ मुख्य रजिस्टरं, म्हणजे आकडे साठवायचे कप्पे, जातात. दुय्यम १० पैकी एकातही शून्याखेरीज काही असेल तर पुन्हा ‘सीआरडी’ येतं; तेव्हा कार्ड फिरवून दुसरी बाजू घाला.

पडताळणी सोपी: यंत्र बंद करून सुरू करा आणि कार्ड परत घाला. कार्ड आकड्यांचं की प्रोग्रॅमचं, ते यंत्रच ओळखतं. आकडे बरोबर आले, की मगच कार्डाच्या त्या बाजूचा कोपरा कापा. कापलेल्या बाजूवर पुन्हा लिहिलं जात नाही. चालू कामाच्या कार्डांचे कोपरे मी शाबूतच ठेवते.