हिरवं पाणी ताकासारखं झालं? युरिया टाकायच्या आधी या चुका टाळा

एप्रिलमधली गोष्ट. ट्यूबलाइटखाली महिनाभर वाढवलेली क्लोरेलाची (पाण्यात वाढणाऱ्या बारीक हिरव्या शेवाळाची) बरणी मी ‘जरा ऊन मिळू दे’ म्हणून परभणीच्या घराच्या गच्चीवर ठेवली. सकाळी पालकाच्या रसासारखं असलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पातळ ताकासारखं! उपाशी असेल म्हणून चिमूटभर युरिया टाकला. दोन दिवसांत वास सुटला आणि बरणी मोरीत गेली.

शेवाळ उपाशी नव्हतं, ते उन्हानं भाजलं होतं.

एकदम उन्हात नेणं

सगळ्यांत महागाची चूक हीच. भरदुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक) प्रकाशकण पडतात. बहुतेक हिरव्या शेवाळांची भूक त्यातल्या काहीशेंतच भागते. उरलेली ऊर्जा हरितद्रव्यात अडकते, तिथून ऑक्सिजनला मिळते आणि तो ऑक्सिजन पेशीच पोखरायला लागतो. पहिला मार बसतो तो प्रकाशप्रणाली २ (पेशीतलं प्रकाश पकडणारं यंत्र) मधल्या डी१ प्रथिनाला.

शेवाळाकडे बचाव आहे, पण त्याला तयारीला वेळ लागतो. क्लॅमिडोमोनास या दुसऱ्या एकपेशीय हिरव्या शेवाळात हे चांगलं अभ्यासलं गेलंय. प्रकाश वाढला की हरितलवकातल्या (पेशीतला हरितद्रव्य असलेला हिरवा भाग) चपट्या पिशव्यांच्या आत आम्लता वाढते. एलएचसीएसआर३ नावाचं प्रथिन ती ओळखतं आणि जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतं. गंमत अशी की मंद प्रकाशात वाढलेल्या पेशीत हे प्रथिन जवळपास नसतंच; तीव्र प्रकाश पडल्यावर ते बनवायला घेतलं जातं. जमिनीवरच्या झाडांकडे याच कामाचं पीएसबीएस प्रथिन आधीपासून तयार असतं. म्हणून सावलीतलं शेवाळ उन्हात काढणं म्हणजे वाफ्यातली मिरचीची कोवळी रोपं थेट मे महिन्यात रानात लावण्यासारखं.

मी आता दोन दिवस शेडनेटच्या दुहेरी घडीखाली, मग तीन-चार दिवस एकेरीखाली ठेवतो. उघडं ऊन फक्त सकाळी दहापर्यंत. एप्रिल-मेमध्ये दुपारची नेट काढतच नाही, कारण आपल्याकडे काळा टब नुसत्या उष्णतेनंही शेवाळ मारतो. पाण्यात थर्मामीटर बुडवा. ३५ अंशांच्या वर गेलं असेल तर प्रकाशाला दोष देण्याआधी टब हलवा.

भाजलं की उपाशी, हे न बघणं

नायट्रोजन कमी पडला तरी शेवाळ पिवळं पडतं, पण हळूहळू, आठवडाभरात. उन्हात नेल्यावर एका दिवसात फिकं झालं तर ऊनच समजा. खात्रीसाठी पेलाभर पाणी खोलीत, खिडकीपासून लांब ठेवा आणि रोज पांढऱ्या ताटलीत ओतून रंग बघा. दोन-तीन दिवसांत हिरवट झाक आली तर खताची गरज नव्हती.

बोअरचं पाणी असेल तर तिसरी शक्यताही धरा. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि जड पाण्यातला चुना पांढरा होऊन तळाशी बसतो. तो गाळ चमच्यात घेऊन लिंबू पिळा. फसफसला तर चुना. माझ्या एका विद्यार्थ्यानं या चुन्यापायी धडधाकट शेवाळ फेकून दिलं होतं.

कपाटात डांबणं

भाजलेली बरणी लोक अंधारात ठेवतात. तसं करू नका. खराब डी१ काढून नवं बसवायला थोडा प्रकाश लागतोच. मंद उजेडात दुरुस्ती सगळ्यांत चांगली होते. जंतू झाले म्हणून घरातली अँटिबायोटिकची गोळी चुरून टाकणं त्याहून वाईट. क्लोरॅम्फेनिकॉलसारखी औषधं हरितलवकातली प्रथिननिर्मितीच थांबवतात, मग दुरुस्ती कशी व्हायची?

बाकी दोन किरकोळ गोष्टी. फार पातळ करू नका, दाट पाण्यात पेशी एकमेकींना सावली देतात. आणि ढवळा. क्लॅमिडोमोनास झगझगीत उजेडापासून पोहत लांब जातो. क्लोरेलाला शेपटं नाहीत, ती जिथं आहे तिथंच भाजते. मत्स्यटाकीचा साधा हवापंप लावला की काम भागतं.

हे सगळं हिरव्या शेवाळाचं. स्पिरुलिना म्हणजे सायनोबॅक्टेरिया, प्रकाशावर जगणारे जीवाणू. तिची उन्हापासून वाचायची यंत्रणा निराळी आणि तिला पाणीही अल्कधर्मी लागतं, तेव्हा हा शेडनेटचा हिशेब तिला जसाच्या तसा लावू नका.