सेकंडहँड कॉम्पोझिट बेसबॉल बॅट घेताय? लिटल लीगवाल्या आईबाबांनो, या चुका टाळा

फेब्रुवारी आला की इकडे न्यू जर्सीत लिटल लीगची, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल लीगची, गडबड सुरू होते आणि आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज पडतो, "कोणाकडे जुनी ३० इंची बॅट आहे का, पोराला कॉम्पोझिटच हवीये". नवी चांगली कॉम्पोझिट (कार्बन फायबरची) बॅट ३००-४०० डॉलरच्या घरात जाते आणि पोरगं पुढच्या सीझनपर्यंत वाढलेलं असतं, त्यामुळे जुनी घेण्यात काही गैर नाही, मीही तेच सांगेन. घोळ होतो तो बघायच्या क्रमात. आपण आधी किंमत बघतो, मग ब्रँड, मग पोराला रंग आवडला का ते, आणि बॅटवरचा शिक्का बघायचा राहूनच जातो, खरं तर तो चुकला तर बाकीचं काही बघण्यात अर्थच नाहीये.

शिक्का न वाचता पैसे देणं

लिटल लीग, बेब रूथ / कॅल रिपकेन या लीगमध्ये लहान मुलांच्या गटांत १ जानेवारी २०१८ पासून यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेलीच बॅट चालते. तिला सगळे 'यूएसए बॅट' म्हणतात. हँडल संपून बॅट जाड व्हायला लागते तिथे, नाहीतर बॅरलवर, म्हणजे चेंडू लागतो त्या जाड भागावर, हा शिक्का असतो. लाकडाच्या एकसंध बॅटला तो लागत नाही, कॉम्पोझिटला लागतोच लागतो.

आता बाजारात तुम्हाला जी कॉम्पोझिट बॅट स्वस्तात दिसते तिच्यावर बऱ्याचदा दुसराच शिक्का असतो, यूएसएसएसए नावाच्या वेगळ्या संघटनेचा, त्यात १.१५ बीपीएफ असं लिहिलेलं असतं, बीपीएफ म्हणजे बॅट चेंडू किती जोरात परतवते त्याचा आकडा. ती ट्रॅव्हल बॉलची, म्हणजे गावोगाव स्पर्धा खेळणाऱ्या क्लब टीमची बॅट, चेंडू जास्त जोरात उडवते, बॅरल बहुतेक वेळा पावणेतीन इंची जाड, आणि लिटल लीगमध्ये ती चालत नाही म्हणजे नाहीच. 'यूएसए' आणि 'यूएसएसएसए' हे घाईघाईत वाचताना सारखंच वाटतं, विकणाऱ्यालाही कधीकधी फरक माहीत नसतो आणि तो बिनधास्त "हो हो, यूएसए आहे" म्हणतो. मोठ्या मुलांच्या हायस्कूलच्या बॅटवर बीबीकॉर .५० असा तिसरा शिक्का असतो, त्या ड्रॉप ३ (ड्रॉपचा हिशोब पुढे सांगतो) म्हणजे जड असतात, लिटल लीगच्या वरच्या वयोगटांना, इंटरमीजिएट आणि ज्युनियर डिव्हिजनला, चालतात पण दहा वर्षांच्या पोराला ती उचलून फिरवणं जमायचं नाही.

आणि एक फसवा शिक्का आहे, यूएसए सॉफ्टबॉल. ज्यांची मुलगी फास्टपिच सॉफ्टबॉल खेळते आणि मुलगा बेसबॉल, त्यांच्या गॅरेजमध्ये हा गोंधळ हमखास होतो. सॉफ्टबॉलची बॅट बारीक असते, सव्वादोन इंच. 'यूएसए' दिसलं म्हणून खुश होऊ नका, त्याच्या पुढचा शब्द 'बेसबॉल' आहे का ते वाचा. टी-बॉलच्या (अगदी लहान मुलं स्टँडवर ठेवलेला चेंडू मारतात त्या खेळाच्या) बॅटवर तर स्पष्ट लिहिलेलं असतं की फक्त टी-बॉलच्या मऊ चेंडूंसाठी, ती खऱ्या चेंडूवर वापरायचीच नाही.

जुन्या बॅटचा सगळ्यात मोठा सापळा वेगळाच आहे. २०१८ च्या आधी लिटल लीगलाच १.१५ बीपीएफ लिहिलेल्या बॅट चालायच्या, त्यामुळे कोणीतरी अगदी प्रामाणिकपणे सांगतं की "आमचा मोठा याच बॅटने लिटल लीग खेळला", आणि ते खरंही असतं, फक्त तो मोठा आता कॉलेजात गेलाय. ती बॅट कितीही नवी दिसली तरी आज तिचा उपयोग घरामागे प्रॅक्टिसलाच, तोही कोच हो म्हणाला तर.

चुकीची बॅट घेऊन पोरगं बॅटर्स बॉक्समध्ये उभं राहिलं आणि अंपायरच्या लक्षात आलं तर पोरगं आउट. मारलेला चेंडू कुठे गेला हे कोणी विचारत नाही. दहा वर्षांच्या मुलाला सगळ्या टीमसमोर हे ऐकावं लागतं, आणि चूक त्याची नसते.

शिक्का बरोबर असूनही बॅट बाद झालेली असू शकते बरं का. २०१८ ची ईस्टन घोस्ट एक्स, ३० इंच २० औंसवाली, हिच्यावर यूएसए बेसबॉलचा शिक्का होता आणि त्याच वर्षी मे महिन्यात यूएसए बेसबॉलने तिची मान्यता काढून घेतली. बाकीच्या मापांच्या घोस्ट एक्सची नाही, फक्त त्याच मापाची. पण काढलेल्या मान्यतेने बॅटवरचा शिक्का काही पुसला जात नाही, म्हणून मॉडेल, वर्ष आणि माप हे तिन्ही विचारून यूएसए बॅटच्या वेबसाइटवरची यादी बघायची, दोन मिनिटांचं काम आहे, पार्किंगमध्ये उभं राहून फोनवर होतं.

'सेट झालेली आहे' याला भुलणं

आपण क्रिकेटवाले, त्यामुळे ही चूक आपल्याच लोकांकडून जास्त होते. विलोची बॅट तेल लावून, मॅलेटने ठोकून ठोकून सेट केली की ती जास्त चांगली लागते, मग वापरलेली कॉम्पोझिट म्हणजे फुकटात नॉकिंग झालेलं मिळालं, असं आपल्याला वाटतं. अर्धं बरोबर आहे. कॉम्पोझिट बॅट म्हणजे कार्बन फायबरचे थर रेझिनने चिकटवलेले, नवी असताना बॅरल कडक असतं, साधारण १५०-२०० फटक्यांनंतर ते थर किंचित सैल होतात आणि बॅरल जास्त लवचीक होऊन चेंडू जोरात परतवायला लागतं. पण हे तिथे थांबत नाही ना! सैल व्हायचं चालूच राहतं आणि शेवटी तडा जातो. म्हणजे जी बॅट आज 'एकदम हॉट' आहे ती कदाचित तिच्या शेवटच्या महिन्यात आहे आणि तो महिना तुम्ही विकत घेताय.

याच सैल होण्यामुळे लिटल लीगने २०१० च्या शेवटी कॉम्पोझिट बॅटवर सरसकट बंदी आणली होती, मॅसॅच्युसेट्स लोवेल विद्यापीठात तपासणी झाली तेव्हा वापरलेल्या कॉम्पोझिट बॅट ठरवून दिलेल्या मर्यादेच्या पुढे जात होत्या म्हणून. पिचर ४६ फुटांवर उभा असतो, तेवढ्या अंतरातून चेंडू थेट तोंडावर आला तर त्याला वेळ किती मिळणार.

काही लोक हे सैल करायचं काम मशीनने करून घेतात. दोन रोलरमध्ये बॅट दाबून फिरवतात, त्याला रोलिंग म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे शेव्हिंग, पुढच्या टोकाचं झाकण म्हणजे एंड कॅप काढून बॅरल आतून तासायचं आणि कॅप परत चिकटवायची. दोन्ही नियमबाह्य, आणि शेव्ह केलेली बॅट कधी फुटेल सांगता येत नाही. जाहिरातीत 'रोल्ड', 'गेम रेडी', 'सुपर हॉट' असले शब्द दिसले की मी पुढे वाचतच नाही, तुम्हीही वाचू नका.

शेव्हिंग ओळखायचं कसं? एंड कॅपच्या कडेने बोट फिरवा. गोंदाचा ओघळ, स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यासारखे ओरखडे, कॅप जरा तिरकी बसलेली, असं काही असेल तर नमस्कार करून निघा. शक्य असेल तर घरातला वजनकाटा सोबत न्या, विकणाऱ्याने हसलं तरी चालेल. २० औंस म्हणजे ५६७ ग्रॅम, पण ग्रिप वगैरे धरून खरं वजन बऱ्याचदा लिहिलेल्यापेक्षा थोडं जास्तच भरतं. ते उलट बरंच कमी भरलं तर आतलं काहीतरी गेलंय.

तडा आणि रंगाची रेघ यातला फरक न करणं

फोटोवर भरवसा ठेवून बॅट मागवली की इथेच वाट लागते. फोटोत सगळ्या बॅट चकाचक दिसतात. हातात आल्यावर असं करा. ओल्या फडक्याने बॅरल पुसा, चेंडूचे डाग गेले पाहिजेत. मग फोनचा टॉर्च लावा आणि तो समोरून मारू नका, बॅरलला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि बॅट हळूहळू फिरवा. आडव्या उजेडात रेघा उठून दिसतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर त्या बहुतेक वरच्या कोटिंगच्या, वापरलेल्या बॅटला त्या असायच्याच. आता त्या रेघेवरून आडवं नख ओढा. नख सुळकन गेलं तर ठीक, नख अडकलं तर तो तडा. एंड कॅपपासून एक-दोन इंच आणि जिथे बॅरल निमुळतं व्हायला लागतं तो भाग, या दोन जागा नीट बघा.

नंतर दोन्ही अंगठ्यांनी बॅरल दाबा. दबल्यासारखं वाटलं किंवा कुरकुर ऐकू आली तर बॅट संपली. बोटाच्या पेराने किंवा चेंडूने बॅरलभर टकटक करा, आवाज सगळीकडे सारखा यायला हवा, एकाच ठिकाणी एकदम बद्द आला तर आतले थर तिथे सुटलेत. चेंडूचे डाग कुठे आहेत तेही पुसायच्या आधी बघून घ्या. कॉम्पोझिट बॅट दर फटक्यानंतर थोडी फिरवून धरायची असते म्हणजे झीज सगळीकडे सारखी होते. सगळे डाग एकाच बाजूला असतील तर पोराने ती कधी फिरवलीच नाही आणि ती बाजू बाकीच्यापेक्षा जास्त थकलीये.

तडा गेलेली बॅट अंपायर खेळूच देत नाही, त्यामुळे "छोटासाच आहे, सीझन निघेल" याला अर्थ नाही. दहा डॉलरलाही घेऊ नका.

वाढत्या अंगाची बॅट

शर्ट घेताना ठीक आहे हो, बाही दुमडता येते. बॅट मोठी झाली तर पोरगं स्विंगला उशीर करतं, मग कोच सांगतो लवकर सुरू कर, मग ते चेंडू बघायच्या आधीच फिरवतं, आणि आपण म्हणतो याला जमत नाही. इंचातली लांबी वजा औंसातलं वजन म्हणजे ड्रॉप, ३० इंच २० औंस म्हणजे ड्रॉप १०. लहान, सडपातळ मुलाला ड्रॉप १० किंवा ११ बरी पडते. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या दारात, बॅट एका हाताने नॉबजवळ (हँडलच्या टोकाच्या गोळ्याजवळ) धरून हात बाजूला सरळ ताणायला सांगा. अर्ध्या मिनिटात हात थरथरून खाली आला तर बॅट जड आहे. लिटल लीगच्या मेजर्स गटापर्यंत, म्हणजे साधारण बारा वर्षांपर्यंत, ३३ इंचांपेक्षा लांब आणि दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंचांपेक्षा जाड चालत नाही, पण त्या वयात ३३ इंची लागणारी मुलं विरळाच.

वॉरंटीबद्दल थोडक्यात. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी एक वर्षाची, पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावावर आणि अधिकृत दुकानाच्या पावतीवर असते. "वॉरंटी बाकी आहे" म्हणून कोणी पन्नास डॉलर जास्त मागत असेल तर ते देऊ नका. पावती मागा मात्र जरूर, कारण महागड्या मॉडेलच्या नकली बॅट फिरतात आणि पावती हा त्यातल्या त्यात बरा पुरावा. प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारख्या जुन्या सामानाच्या दुकानात बॅट हातात घेऊन बघता येते, हा मोठा फायदा. फेसबुक मार्केटप्लेसवर घेताय तर भेटून, उजेडात, बॅट बघून झाल्यावरच पैसे, आधी झेल (Zelle) अ‍ॅपने पैसे पाठवून ठेवायचे नाहीत.

घेऊन झाली, आता काहीतरी वाजतंय

हलवल्यावर आत खुळखुळ येते: बहुतेक वेळा आतला गोंदाचा किंवा रेझिनचा तुकडा सुटलेला असतो, खेळाला त्याने फरक पडत नाही. पण एंड कॅप बोटाने हलत असेल तर ती सैल झालीये, घरी गोंद लावू नका, छेडछाड केलेली बॅट म्हणून ती बाद व्हायची.

टू-पीस (हँडल आणि बॅरल वेगळे बनवून जोडलेली) बॅट असेल तर एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने बॅरल धरून कापड पिळतो तसं पिळून बघा. जोड जरासुद्धा फिरला किंवा करकरला की सांधा गेला, याला घरगुती इलाज नाही.

हाताला झिणझिण्या येतात अशी पोराची तक्रार असेल तर लगेच बॅटला दोष देऊ नका, चेंडू हँडलजवळ लागला की कुठल्याही बॅटने येतात, थंडीत तर जास्तच. बॅरलच्या मधोमध लागूनही येत असतील तर मात्र तडा परत शोधा.

ग्रिप घाणेरडी, गुळगुळीत झालीये ती बदला, वीसेक डॉलरच्या आत काम होतं आणि निम्मी बॅट नवी वाटते. फक्त ग्रिप नॉबपासून किमान १० इंच यायला हवी, हा लिटल लीगचा नियम आहे, आणि ग्रिप काढाल तेव्हा खाली हँडलला तडा नाही ना हेही बघून घ्या, विकताना नेमका तोच भाग झाकलेला असतो.

बॅट थंडीत कमजोर होते. बऱ्याच कंपन्या ६० डिग्री फॅरनहाइटच्या खाली कॉम्पोझिट वापरू नका म्हणतात, आणि आमच्याकडे एप्रिलमधल्या शनिवारी सकाळी आठची मॅच म्हणजे हाताला हातमोजे लागतात. बॅट रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवून सकाळी थेट चेंडू मारला तर कितीही चांगली बॅट तडकू शकते. घरात ठेवा. बॅटिंग केजमधले ते पिवळे खड्डेवाले चेंडू तिला लावू नका, ते कडक असतात, त्यासाठी जुनी अ‍ॅल्युमिनियमची बॅट द्या.

आणि अ‍ॅल्युमिनियमचा विषय निघालाच आहे तर, पोराचं पहिलं-दुसरं वर्ष असेल तर सेकंडहँड कॉम्पोझिटपेक्षा सेकंडहँड अलॉय बॅटच घ्या असं माझं मत. तिला थंडीचं वावडं नाही, फटके मारून तयार करावी लागत नाही, आणि ती बिघडली तर पोचा दिसतो, आत काय लपलंय याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. पोराला पटवणं तेवढं तुमचं तुम्ही बघा, माझ्या घरी ते काम बायकोकडे आहे.