धंद्यासाठी पहिल्यांदा परदेशात जाताय? आधी कागद बघा, मग तिकीट काढा

एक्सपोर्टच्या कामात बरीच वर्षं झाली. टीममध्ये नवीन पोरं-पोरी येतात, पहिली फॉरेन ट्रिप ठरते आणि प्रश्न सगळे हॉटेल, सिमकार्ड, कपडे यावरच असतात. ते सगळं जमून जातं हो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, म्हणजे कुठल्या टप्प्यावर कोणाचा कायदा लागू होतो आणि माल, पैसा, दिलेला शब्द यांची जबाबदारी नेमकी कुठे एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे कोणी नीट सांगतच नाही. म्हणून जरा बैजवार लिहितेय.

आधी व्हिसा. बिझनेस व्हिसा हातात आला म्हणजे तिथे वाट्टेल ते काम करता येतं असं नाही. अमेरिकेच्या बी-१ या बिझनेस व्हिसावर मीटिंग, कॉन्फरन्स, वाटाघाटी, काँट्रॅक्टवर सही हे सगळं चालतं, पण तिथल्या कंपनीत बसून त्यांचं रोजचं काम करायचं आणि त्यांच्याकडून पगार घ्यायचा हे चालत नाही. मशिनरीवाल्यांनी एक खास बघायचं, तुमचा माणूस जाऊन मशीन बसवून देणार किंवा त्यांच्या लोकांना ट्रेनिंग देणार असेल तर ही सर्व्हिस विक्रीच्या मूळ काँट्रॅक्टमध्येच लिहिलेली हवी, नंतर मागाहून ईमेलवर ठरवलेलं तिथे धरत नाहीत. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं हा नियम आहे आणि ते १८० दिवस रोज एकेक दिवसाने पुढे सरकतात. लोक फक्त व्हिसाची मुदत बघतात, पण मल्टिपल एंट्रीचा दोन वर्षांचा व्हिसा असला तरी ९० चा हिशोब तोच राहतो.

सॅम्पल घेऊन जाणार असाल तर 'सॅम्पल आहे, विकायचं नाहीये' एवढं तोंडी सांगून भागत नाही. एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेला, जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, आणि तो असला की प्रदर्शनाचा माल, कमर्शिअल सॅम्पल किंवा कामाची उपकरणं ड्युटी न भरता तात्पुरती त्या देशात नेता येतात. मी कस्टम्सच्या काउंटरवर उभी राहून बघितलंय, अधिकारी बॅग उघडतो, यादी समोर ठेवतो आणि एकेका नगावरचा सीरियल नंबर यादीशी ताडून बघतो, यादीत नसलेली वस्तू बाजूला काढून ठेवतो. म्हणून यादी करताना 'इलेक्ट्रॉनिक सामान' असं मोघम लिहू नका, मॉडेल, नंबर, वजन, किंमत सगळं लिहा. आणि बाहेर पडताना रीएक्सपोर्टचा, म्हणजे माल परत देशाबाहेर नेल्याचा, शिक्का घेतल्याशिवाय गेटकडे जायचं नाही, कितीही उशीर होत असला तरी. तो शिक्का नसेल तर माल त्याच देशात राहिला असं धरतात आणि ड्युटीची मागणी काही महिन्यांनी घरपोच येते. वाटून टाकायचे कॅटलॉग, चाखायला द्यायचे पदार्थ, संपणाऱ्या वस्तू यांना कार्नेट लागू नाही, त्याचं वेगळं बघावं लागतं.

आता भावाची बोलणी. माझ्या मते नवीन माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बायर म्हणतो सीआयएफ भाव द्या, म्हणजे आपण मालाच्या किमतीत फ्रेट (जहाजाचं भाडं) आणि इन्शुरन्स धरून आकडा सांगतो, हात मिळवले, झालं. पण आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ठरवलेल्या डिलिव्हरीच्या अटी असतात, इन्कोटर्म्स म्हणतात त्यांना, आणि इन्कोटर्म्स २०२० मधल्या ११ टर्म्समध्ये खर्च कुठपर्यंत कोणाचा आणि जोखीम कुठपर्यंत कोणाची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीआयएफमध्ये भाडं विकणारा त्यांच्या पोर्टपर्यंत भरतो, जोखीम मात्र आपल्या पोर्टवर माल जहाजावर चढला की तिथेच बायरकडे जाते, म्हणजे समुद्रात माल भिजला तर इन्शुरन्सचा क्लेम बायरने करायचा, आणि तो इन्शुरन्सही नियमानुसार कमीत कमी कव्हरचाच घेतलेला असतो, वेगळं ठरवलं नसेल तर. हे बायरला आधीच समजावून सांगा, नाहीतर नुकसान झालं की संबंध बिघडतात. कंटेनरमधल्या मालासाठी एफओबीपेक्षा (माल जहाजावर चढला की जोखीम बायरकडे) एफसीए (ठरल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम बायरकडे) घ्या असं आयसीसी स्वतःच सांगते, कारण कंटेनर टर्मिनलला दिल्यापासून जहाजावर चढेपर्यंत यार्डात पडून असतो आणि एफओबीमध्ये तेवढा वेळ जोखीम विकणाऱ्याच्याच डोक्यावर राहते. डीडीपी, म्हणजे तिथली ड्युटी भरून माल बायरपर्यंत पोचवायचा, ती तर पहिल्या ऑर्डरला शक्यतो नकोच, समोरच्या देशातली ड्युटी, टॅक्स, इंपोर्टर म्हणून रजिस्ट्रेशन सगळं तुमच्यावर येतं आणि काही देशांत बाहेरच्या कंपनीला ते जमतच नाही.

भाव देण्याआधी एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये माल ओळखायचा आकड्यांचा कोड, पक्का करा. पहिले ६ आकडे जवळपास सगळ्या जगात सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले लावतो आणि ड्युटी त्या पुढच्या आकड्यांवर ठरते. बायरच्या कस्टम्स ब्रोकरकडून त्यांच्या देशाचा पूर्ण कोड लेखी मागवून घ्या. लाकडी पेटी किंवा पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे कीड मारायची प्रक्रिया लाकडावर केल्याचा, शिक्का आहे का तेही बघा, बऱ्याच देशांत तो नसेल तर आतला माल कितीही चांगला असला तरी कन्साइनमेंट अडवतात.

पैशाचं म्हणाल तर ओळख नवी असेल तेव्हा एलसी (ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बायरच्या बँकेची लेखी हमी) बरी, पण एलसी म्हणजे पैसे आले असं समजू नका. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते, एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, यूसीपी ६००, त्यांत हे स्पष्ट लिहिलंय. ओळखीतल्या एका एक्सपोर्टरचा माल वेळेत पोचला, क्वालिटी उत्तम, बायरही खूश, पण इनव्हॉइसवर मालाचं वर्णन एलसीपेक्षा वेगळं होतं, एलसीत ग्रेड लिहिलेली आणि इनव्हॉइसमध्ये ती गाळलेली, आणि बँकेने कागद डिस्क्रेपंट, म्हणजे एलसीशी न जुळणारे, म्हणून नाकारले. मग बायरला विनंती करत बसावं लागलं, त्यात बाजारभाव खाली आले होते, त्यामुळे त्याने डिस्काउंट मागितला आणि द्यावा लागला. इनव्हॉइसवरचं वर्णन एलसीशी जुळायलाच हवं, बाकी कागदांवर ते ढोबळ असलं तरी चालतं, फक्त विसंगत नको. एलसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवसांच्या आत कागद बँकेत गेले पाहिजेत, आणि तेही एलसीची मुदत संपायच्या आत. बँकेला तपासायला जास्तीत जास्त ५ बँकिंग दिवस मिळतात. म्हणून एलसी उघडण्याआधीच तिचा ड्राफ्ट मागवा आणि प्रत्येक अट वाचताना एकच विचारा, हा कागद मला माझ्या हाताने मिळवता येईल का? 'बायरच्या प्रतिनिधीने सही केलेलं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट' असली अट दिसली की ती काढायलाच लावा, कारण त्याने सही केली नाही तर तुम्ही काय करणार?

काँट्रॅक्टमध्ये भांडण झालं तर कुठे आणि कोणत्या कायद्याने, हे कलम लोक शेवटी घाईत उरकतात. एका देशातल्या कोर्टाचा निकाल दुसऱ्या देशात वसूल करणं अवघड जातं, त्यापेक्षा लवादाचा निवाडा बरा, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमुळे १७० हून जास्त देशांत तो लागू करून घेता येतो. लवाद कुठल्या शहरात, भाषा कोणती, लवाद किती जणांचा, एवढं तरी लिहाच. अजून एक, १९८० चा मालविक्रीचा व्हिएन्ना करार आहे, सीआयएसजी म्हणतात त्याला. अमेरिका, चीन, जर्मनी त्यात आहेत, भारत आणि ब्रिटन नाहीत. काँट्रॅक्टला 'जर्मन कायदा' लावला की हा करार आपोआप त्यात येतो, नको असेल तर वगळला असं वेगळं लिहावं लागतं.

चांगली मीटिंग झाली की जेवणाच्या टेबलावर कोणीतरी म्हणतं, मीच तुमचा माल इथे विकतो, कमिशन द्या. आनंद होतो, पण तिथल्या तिथे हो म्हणू नका. युरोपियन युनियनमध्ये १९८६ च्या डायरेक्टिव्हनुसार कमर्शिअल एजंटला कायद्याचं संरक्षण आहे, करार संपवला तर बऱ्याचदा भरपाई द्यावी लागते, आणि कागदावर सही नाही म्हणून करारच नव्हता असंही सहज म्हणता येत नाही. मुदत, प्रदेश, कोणता माल, सगळं लेखी करा आणि तिथल्या वकिलाला दाखवा, ती फी वाचवू नका.

लाचेबद्दल मी एकदम कडक आहे. फाईल लवकर हलावी म्हणून 'चहापाणी' द्यायचं हे काही ठिकाणी सगळेच करतात असं सांगतात, पण ब्रिटनच्या २०१० च्या ब्रायबरी ॲक्टमध्ये असल्या छोट्या रकमेलाही सूट नाही, आणि अमेरिकेचा १९७७ चा एफसीपीए हा परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचा कायदा तर अमेरिकेबाहेरच्या कंपन्यांनाही काही बाबतीत लागू होतो. पैसे एजंटने दिले तरी तुम्ही सुटत नाही. कोणी मागितलेच तर अधिकृत फीची पावती मागा, पावती म्हटलं की बरेचदा विषय तिथेच संपतो.

टॅक्सचं थोडक्यात. तुमचा माणूस एखाद्या देशात वारंवार जाऊन कंपनीच्या वतीने काँट्रॅक्ट पक्के करत असेल तर तिथलं टॅक्स खातं तुमचं तिथे कायमचं ठाणं आहे असं धरू शकतं आणि नफ्यावर टॅक्स लावू शकतं. पगारावरच्या टॅक्ससाठी दोन देशांमधल्या बहुतेक टॅक्स करारांत १८३ दिवसांची मर्यादा असते, पण दिवस कुठल्या काळातले मोजायचे हे करारागणिक बदलतं. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून तारखांचा तक्ता ठेवा, हिशोब मागितला की तोच कामाला येतो.

आणि स्वतःच्या बॅगेतली औषधं. यूएईत कोडीन, ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्यांना आधी परवानगी लागते, जपानमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं सर्दीचं औषध नेताच येत नाही, मग ते तुमच्याकडे कितीही सहज मिळत असो. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आणि निघायच्या निदान महिनाभर आधी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर यादी बघा, कारण परवानगी यायला वेळ लागतो.