शताधिपती स्वतः आला होता की माणसं पाठवली होती?

शब्बाथ शाळेत एका मुलीने मला विचारलं, "टीचर, कफर्णहूमचा शताधिपती येशूकडे स्वतः गेला होता ना? मग लूकमध्ये तो समोर येतच नाही, असं कसं?" गोष्ट बायबलमधली. कफर्णहूम गावातला शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, आपल्या आजारी चाकराला बरं करावं म्हणून येशूला विनवतो. मत्तय आणि लूक ह्या दोन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत, ती आहे. मी घाईघाईत सांगून टाकलं, की प्रसंग दोन असतील. घरी येऊन वाचलं तेव्हा माझंच उत्तर टिकेना. तेव्हापासून असं काही दिसलं, की आधी वही उघडते.

वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे मत्तय ८:५-१३, उजवीकडे लूक ७:१-१०. पुस्तकात बघून हाताने उतरवा, कारण आठवणीत दोन्ही गोष्टी कधीच एकमेकींत मिसळलेल्या असतात. मग जुळतं त्याखाली रेघ मारा. गाव तेच, आजारी चाकर तोच, आणि "माझ्या छपराखाली यावं एवढी माझी योग्यता नाही" हे बोलणंही जवळजवळ तसंच. दोन प्रसंगांची पळवाट इथेच बंद होते.

आता फरक. मत्तयात तो स्वतः विनवतो. लूकमध्ये आधी त्याच्या वतीने यहूद्यांचे वडील, म्हणजे समाजाचे पुढारी, येतात, मग घर जवळ आल्यावर मित्र. इथे अर्थ लावायच्या आधी त्याच लेखकाची सांगायची रीत दुसरीकडे तपासा. याईर नावाच्या माणसाची मुलगी येशू जिवंत करतो, त्या गोष्टीत मला ती सापडली. मार्कच्या शुभवर्तमानात, अध्याय ५ मध्ये, मुलगी शेवटच्या घटका मोजत असते आणि ती गेल्याचा निरोप वाटेत येतो. मत्तय ९ मध्ये बाप आल्याआल्या म्हणतो, ती आत्ताच गेली. निरोप आणणारी माणसंच नाहीत. मार्कला २३ वचनं लागली तिथे मत्तयने ९ मध्ये आटोपलं. मधली माणसं गाळून थेट मुद्द्यावर येणं, ही मत्तयची रीतच आहे.

लूक ७:५ तर मला फार आवडतं. वडील सांगतात, ह्यानेच आमचं सभास्थान (प्रार्थनेचं ठिकाण) बांधलं. शताधिपतीने दगड रचले असं कुणालाच वाटत नाही! करवून घेणाऱ्याच्या नावावर काम सांगायची पद्धत त्याच उताऱ्यात आहे. सन ४०० च्या सुमारास ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीननेही हा प्रसंग असाच उलगडला होता.

एवढ्यावर थांबू नका. ज्याच्याखाली रेघ नाही ते पुन्हा वाचा. पूर्वपश्चिमेकडून पुष्कळ जण येऊन यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम ह्याच्या पंक्तीला बसतील, हे मत्तय इथेच सांगतो, म्हणून त्याला तो परका, यहूदी नसलेला माणूस येशूसमोर उभा हवा. लूकमध्ये तो मित्रांकरवी म्हणतो, तुमच्याकडे यायलाही मी स्वतःला लायक मानलं नाही. त्याचं न येणं हीच तिथे त्याची नम्रता.

येशूने यरीहो गावापाशी आंधळ्याला दृष्टी दिली, त्या गोष्टीचं मात्र माझं अजून सुटलेलं नाही. मत्तय दोघे सांगतो, मार्क एकट्या बार्तीमयाचं नाव घेतो. पण 'एकच होता' असं कुणी म्हणत नाही, तेव्हा आकडा अडत नाही. अडतं ते लूकपाशी. त्याच्याकडे येशू यरीहोजवळ येतोय, बाकी दोघांकडे निघतोय. जुनं यरीहो आणि हेरोद राजाचं नवं, ह्यांच्या मधल्या वाटेवर हे घडलं असं काही जण सांगतात. हेरोदाच्या वाड्यांचे अवशेष तिथे आहेत हे खरं, पण शुभवर्तमानांत दोन यरीहो कुठेच नाहीत. मुलांना मी हे सगळं असंच सांगते. वहीत त्या पानावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलेलं आहे.