जवानाच्या पश्चात त्याचा हिशेब मागताना या चुका टाळा

पुण्यात सैन्याची कार्यालयं पावलोपावली आहेत, म्हणूनच इथली माणसं आधी चुकीच्या दारात जाऊन उभी राहतात. गोळीबार मैदानावरचं संरक्षण लेखा कार्यालय सैन्यातल्या अधिकाऱ्यांची पगारखाती सांभाळतं. ताई, तुमचे मिस्टर शिपाई, नाईक, हवालदार किंवा सुभेदार असतील तर त्यांचं खातं तिथे सापडणार नाही. ते असतं त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे आणि त्याला जोडलेल्या पे अकाउंट्स ऑफिसकडे: बॉम्बे इंजिनिअर ग्रुप असेल तर खडकी, मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. पत्र तिथे पाठवा आणि अगदी वर आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट लिहा.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो मोघम अर्ज. ‘माझ्या पतीचे सर्व पैसे मिळावेत’ एवढ्या एका ओळीवर कोणालाच काही करता येत नाही, कारण ते पैसे एका ठिकाणी नसतातच. पगाराच्या खात्यातली शिल्लक वेगळी, प्रॉव्हिडंट फंड वेगळा, ग्रॅच्युइटी वेगळी, उरलेल्या रजेचे पैसे वेगळे. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा दावा पुन्हा निराळा, पेन्शन निराळी. बँकेत पहिली रक्कम जमा झाली की घरच्यांना वाटतं, आलं सगळं. तसं धरून चालू नका. अर्जात एकेक रक्कम स्वतंत्र ओळीत लिहा आणि प्रत्येकीपुढे विचारा: मंजूर किती, वजा किती, कशापोटी, कुठल्या खात्यात पाठवली. पगाराची उचल, कर्ज किंवा जादा दिलेले पैसे शेवटच्या हिशेबात वळते होतात, ते रीतसरच आहे. पण प्रत्येक वजावटीचं कारण लेखी मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पगाराचं खातं ज्या बँकेत होतं तिथेही विचारा. संरक्षण दलांसाठीच्या पगारखात्यांवर अनेकदा अपघात विमा असतो आणि त्याचा दावा मुदतीतच करावा लागतो.

प्रकरण सर्वाधिक अडतं ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर लग्नात बदललेलं नाव, आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या लग्न-मुलांसारख्या बाबींची नोंद करणाऱ्या सैन्याच्या कागदात, युनिटमध्ये कोणीतरी हिंदी वळणानं लिहिलेलं तिसरंच, मागे ‘देवी’ जोडलेलं. तिन्ही नावं तुमचीच, पण कार्यालयाला दिसतात तीन बायका. अशा वेळी घाईघाईनं ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरू नका. रेकॉर्ड ऑफिसला आधी एवढंच विचारा: लग्नाची नोंद आहे का, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख तुमच्याकडे कशी लिहिली आहे? उत्तर आलं की फरक कुठे आहे ते नेमकं कळेल, आणि प्रतिज्ञापत्र चालेल की नावबदल राजपत्रात छापून घ्यावा लागेल, हेही त्यांच्याकडूनच लेखी घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या पत्रव्यवहारात मदत करतं. ते तुमच्यासाठीच आहे, तिथे जायला संकोच करू नका.

भरती होताना मुलगा नॉमिनी म्हणून आईचं नाव देतो आणि लग्नानंतर ते बदलायचं राहून जातं. मग घरात कुजबुज सुरू होते. दुःखाच्या त्या दिवसांत कोणी स्टॅम्प पेपर पुढे केला तर, सासरचे असोत की माहेरचे, सही करू नका. सासूबाईंचंही पोट त्या मुलावर होतं, हे मनात ठेवून बोलणं शांतपणे होऊ द्या. पण कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्रानं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1991 सालीच सांगितलं आहे.

मृत्यू कशानं झाला यावर पेन्शनचा दर ठरतो. साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के (नोकरीत असताना मृत्यू झाला तर पहिली दहा वर्षं 50 टक्के), सेवेमुळे मृत्यू आला असं मान्य झालं तर विशेष पेन्शन 60 टक्के, आणि युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आलं तर 100 टक्के. म्हणून साधी पेन्शन मंजूर झाली की ‘मिळतंय ना’ म्हणून गप्प बसू नका. कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे सैन्यानं केलेल्या चौकशीचा, निष्कर्ष आणि वैद्यकीय कागद मागून घ्या, नकाराचं कारण वाचा, अपील करा.

मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, ओळखीच्या एजंटाच्या तर नाहीच. झेरॉक्स द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पोस्टानं पाठवलं तर स्पीड पोस्टची पावती अर्जालाच टाचून ठेवा. फोनवर ‘काम चालू आहे’ म्हणाले तर तारीख आणि बोलणाऱ्याचा हुद्दा लिहून ठेवा. उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका. सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे. अंतिम नकार हाती आला आणि तो पटला नाही, तर पुण्याच्या लोकांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. अर्ज त्या आदेशापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, तेव्हा आदेशाचं पाकीट ज्या दिवशी आलं ती तारीख त्यावरच लिहून ठेवा.